फाटकावरची खूण

डोळे मिटा पाहू. नको नको, मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? उघडेच ठेवा आणि मनातल्या मनात एक शाळा उभी करा. बैठी, लांबट, पिवळ्या भिंतींची. पुढे लोखंडी फाटक, फाटकाबाहेर रस्ता, रस्त्यापलीकडे झाडांची रांग. उभी राहिली शाळा? आता तिच्यावर धुकं सोडा. इतकं दाट, की पलीकडची झाडं दुधात बुडवलेल्या बिस्किटासारखी विरघळायला लागली पाहिजेत. आणि फाटकाच्या आतल्या बाकावर एक मुलगी बसवा. पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हणून ती ते हलवते आहे. तिचं नाव भिंगरी. खरं नाव वेगळं होतं, पण एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून सगळे भिंगरीच म्हणत.

आज मात्र ती बसली होती. आज तिची आई येणार होती.

आई फार दिवसांपासून दवाखान्यात होती. थंडी सुरू व्हायच्या आधी गेली, ती आता परत येत होती. मधल्या काळात भिंगरीला न्यायला मावशी यायची. काल मावशीनंच सांगितलं होतं, "उद्या तुझ्या आईलाच घेऊन येते फाटकावर. मग बघू तू माझ्याकडे ढुंकून तरी बघतेस का!"

आता या शाळेची एक रीत सांगायला हवी. सुटीची घंटा झाली, की इथली मुलं मोकळी सुटत नसत. ती सोपवली जात. फाटकाशेजारी तीन बाजूंनी भिंती असलेला एक आडोसा होता. न्यायला आलेल्या माणसानं एकेकट्यानं त्या आडोशात यायचं, जाळीतून आत बघायचं आणि खूण दाखवायची. प्रत्येक मुलानं आपल्या घरच्यांशी एक खूण ठरवलेली असे. ती कागदावर लिहायची नाही, वर्गात बोलायची नाही. मोठ्यांनी आधी दाखवायची, मुलानं नंतर उत्तर द्यायचं, मगच कडी निघायची. यातून कुणाचीही सुटका नव्हती. शाळेचे मोठे सर आपल्या नातवाला न्यायला येत, तेव्हा त्यांनाही आडोशात जाऊन एका पायावर उभं राहावं लागे. गुडघे दुखत, पण नातवानं ठरवलेली खूण तीच होती. करतात काय!

भिंगरीची आणि आईची खूण अशी: आईनं डाव्या हातानं उजवा कान धरायचा आणि दोन्ही गाल फुगवायचे. मग भिंगरीनं आपल्या फुगवलेल्या गालांवर बोटं मारून फुस्स करायचं. मावशीला याची भारी लाज वाटायची. रोज कान धरताना ती नाक उडवून म्हणायची, "शी बाई, कसले हे माकडचाळे!"

त्या दिवशी धुक्यामुळे सगळे लवकर आले आणि लवकर गेले. बाकावर भिंगरी उरली. फाटकाजवळ बाई होत्या आणि कडीपाशी शिपाईमामा. फाटकावर नेहमी दोघं मोठी माणसं असत, एकट्यानं कुणी उभं राहायचं नाही, हीसुद्धा तिथली रीतच.

"मामा, रस्त्यावर कुणी दिसतंय का?" बाईंनी विचारलं.

"बाई, मला माझेच बूट दिसेनात," मामा म्हणाले, "रस्ता कुठला दिसतोय!"

भिंगरी हसली. हसता हसता तिनं समोर पाहिलं, तर आडोशात आई उभी होती.

येताना पावलं वाजली नव्हती. पण आईच होती. तीच लांब वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली. तेच गोल गाल. अंगावर तीच हिरवी शाल, आणि शालीच्या टोकाला इस्त्रीनं पडलेला तोच तपकिरी डाग. भिंगरी बाकावरून टुणकन उतरली आणि जाळीकडे धावली.

"आई!"

"भिंगरी," आई म्हणाली. आवाजही तोच. "चल."

"आलात! बरं वाटतंय का आता?" बाई हसून पुढे झाल्या. "तेवढी खूण दाखवा, की सोडतेच तिला."

"मी आई आहे तिची."

"हो ना. म्हणून तर पटकन होईल."

आडोशातली आई हलली नाही. मग तिनं नाक उडवलं आणि म्हणाली, "शी बाई, कसले हे माकडचाळे!"

भिंगरीचे पाय जागच्या जागी थांबले. शब्द मावशीचे होते. आवाजही मावशीचा होता. काल याच आडोशात मावशी जशी बोलली होती, तसाच्या तसा, मधल्या खोकल्यासकट.

मामांच्या तोंडासमोर बोलताना वाफ दिसत होती. बाईंच्याही. आडोशातल्या आईच्या तोंडासमोर मात्र वाफ नव्हती.

बाईंनी आवाज चढवला नाही. त्या भिंगरीच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, जवळ, पण तिला न धरता. "मामा, कडीवर हात असू द्या," त्या म्हणाल्या आणि खिशातून फोन काढून त्यांनी मावशीचा नंबर लावला. खूण जुळली नाही, की घरच्या माहीत असलेल्या नंबरावर फोन करायचा, समोरचा माणूस देईल त्या नंबरावर नाही, असं ठरलेलंच होतं.

भिंगरी आईकडे बघत होती. तिला शाल ओढून नाक त्यात खुपसावंसं वाटत होतं. शालीला आईचा वास यायचा. आई दवाखान्यात गेल्यापासून तोच वास तिनं जपून ठेवला होता. शाळेत कुणाला घरच्या माणसाची फार आठवण येत असेल, तर त्या माणसाची एक वस्तू दप्तरात ठेवायची मुभा होती, आणि त्यावरून कुणी चिडवायचं नाही असा नियम होता. भिंगरीच्या दप्तरात...

तिनं पाठीवरचं दप्तर पुढे ओढलं. चेन उघडून आत हात घातला. बोटांना मऊ लोकर लागली. बोटं चाचपत टोकापर्यंत गेली. इस्त्रीनं जळालेला कडक तुकडा अंगठ्याखाली आला.

शाल दप्तरात होती.

"भिंगरी," बाईंनी फोन कानावरून काढला. त्या खाली वाकल्या आणि हळू, पण स्पष्ट बोलल्या. त्या मुलांशी कधी खोटं बोलत नसत, समजूत घालायलासुद्धा नाही. "मावशीशी बोलले मी. तुझी आई तिच्याजवळ बसली आहे गाडीत. धुक्यामुळे उशीर होतोय. त्या दोघी वाटेत आहेत."

"मग ही कोण?"

"मला माहीत नाही, बाळा. मी तुला सोडणार नाही, एवढं मला माहीत आहे."

आडोशातली आई जाळीच्या अगदी जवळ आली. तिनं मान एका बाजूला कलती केली. आई रात्री पांघरूण घालताना करायची तशी.

"बाईंना काय कळतंय," ती म्हणाली. "भिंगरी, आजारी होते ना गं मी. विसरले सगळं. किती औषधं घेतली. तू आधी दाखव ना. एकदाच. तू दाखवलीस की मला आठवेल."

हे ऐकून भिंगरी जाळीकडे एक पाऊल सरकली. कारण मागे एकदा मावशी फोनवर हळू आवाजात कुणाला तरी सांगत होती ते तिनं ऐकलं होतं: औषधांमुळे ताईला कधी कधी आठवत नाही. ही खरंच आई असली तर? विसरलेली आई फाटकाबाहेर थंडीत उभी असली आणि आपणच तिला घेतलं नाही तर? तिचा डावा हात आपोआप वर निघाला. कानाकडे.

जाळीपलीकडचे डोळे त्या हातामागोमाग वर सरकले. पापणी न लववता.

मामांनी कडी घट्ट धरली. बाईंनी तिचा हात धरला नाही. त्यांनी फक्त विचारलं, अगदी वर्गात दर आठवड्याला फाटक-फाटक खेळताना विचारत तसं, त्याच चालीत:

"आधी कुणी?"

"मोठ्यांनी," भिंगरीच्या तोंडून सवयीनं निघालं.

"आणि मोठे विसरले तर?"

वर्गात या प्रश्नाला सगळी मुलं एका सुरात ओरडायची. आता भिंगरी एकटीच होती. तिचा हात कानाच्या पाळीजवळून खाली आला. ती जाळीकडे वळली आणि तिचा चेहरा उजळला, कारण उत्तर इतकं सोपं होतं.

"आई, विसरलीस तर आत ये! विसरलं तर लाजायचं नसतं. ऑफिसात खुर्ची आहे, तिथे बसायचं. चहा देतात. मग मावशी येईपर्यंत आपण तिथेच बसू. मीपण बसते तुझ्याजवळ. मामा, लहान दार उघडा ना!"

ऑफिसचं लहान दार आडोशातच होतं. तिथून मोठी माणसं आत यायची, मुलं बाहेर जायची नाहीत. मामांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. दार करकरत उघडलं. आत दिवा होता, खुर्ची होती, खुर्चीवर मऊ उशी होती. मोठे सर दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "या, बसा. इथे विसरलेल्यांची रांग असते. पहिला नंबर माझाच असतो."

आडोशातली आई उजेडाच्या त्या चौकोनाकडे बघत राहिली. उजेड तिच्या पायांपर्यंत पोचला होता आणि तिथे थांबला होता.

"आत?" ती म्हणाली.

"हो, आत," भिंगरी म्हणाली.

"नको. तू बाहेर ये."

"मला नाही येता येणार. तूच ये ना."

"तू बाहेर ये. तू बाहेर ये. तू बाहेर ये." तीन वेळा, तीन आवाजांत. एक आईचा, एक मावशीचा आणि एक खुद्द भिंगरीचा.

भिंगरी मागे सरकली आणि बाईंच्या कुशीला चिकटली. "नको," ती म्हणाली. "मला हिच्याबरोबर जायचं नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. का नाही, असं त्यांनी विचारलं नाही. मुलानं नको म्हटलं, की फाटकावर त्याला कारण विचारायचं नाही. त्यांनी फक्त जाळीकडे तोंड करून सांगितलं, "मुलगी आज तुमच्याबरोबर येणार नाही. आपण जावं."

हिरवी शाल मागे मागे गेली. पाठ न फिरवता. रस्ता ओलांडून झाडांमध्ये गेली आणि झाडांसारखीच फिकट झाली.

मोठ्या सरांनी चहा भिंगरीच्याच हातात दिला, अर्धा कप, भरपूर दूध घालून. तो संपायच्या आत रस्त्यावर गाडी थांबली. दार आपटलं. पावलं वाजली. चांगली फताड फताड वाजली, मावशीची चाल लपत नसे.

"हळू गं ताई, पाय बघ. काय मेलं हे धुकं!"

एक बाई आली आणि आडोशाच्या उघड्या तोंडाशीच दमून थांबली. हाडकुळी. डोक्यावर वेणी नाही, नुसते बोटभर केस. गाल आत गेलेले. अंगावर मावशीचा सैल कोट. भिंगरीनं तिला ओळखलं नाही. तिनं कप घट्ट धरला.

त्या बाईनं जाळीतून आत पाहिलं. तिचे ओठ थरथरले. पण ती "भिंगरी" म्हणाली नाही, "चल" म्हणाली नाही, "मी तुझी आई" असंही म्हणाली नाही. तिच्या तोंडासमोर वाफेचा छोटा ढग तयार झाला. तिनं डावा हात वर उचलला. हात जड असल्यासारखा हळूहळू गेला आणि त्यानं उजवा कान धरला. मग तिनं ते खोल गेलेले गाल फुगवले. फुगता फुगेनात. एक फुगला, दुसरा बसला. पुन्हा दम घेऊन तिनं दोन्ही फुगवले आणि फुगवलेले धरून ठेवले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

कप बाकावर आपटला. भिंगरीनं गाल फुगवले, बोटं मारली. फुस्स!

"कडी, मामा!" बाई म्हणाल्या. पण मामांनी ती केव्हाच काढली होती.

कोटात शिरल्यावर भिंगरीला आधी औषधांचा वास आला आणि मग, त्याच्या खाली, तो दुसरा. आई तिच्या केसांत तोंड घालून काहीतरी पुटपुटत होती. मावशी नाक पुसत म्हणत होती, "बघा, माझ्याकडे ढुंकून बघितलं का हिनं?"

तेवढ्यात धुकं जरा विरळ झालं आणि आईच्या काखेखालून भिंगरीची नजर रस्त्यापलीकडे गेली.

झाडांच्या रांगेत हिरवी शाल होती. ती गेली नव्हती. धुक्यात तिचा डावा हात सावकाश वर येत होता. तो चुकून डाव्या कानाकडे गेला, थांबला आणि वळून उजव्या कानाकडे आला. मग तिचे गोल गाल फुगले. पुन्हा हात खाली. पुन्हा वर. या वेळी चूक झाली नाही.

भिंगरीनं बाईंकडे पाहिलं. बाईंनीही ते पाहिलं होतं. त्यांनी नुसत्या भुवया वर केल्या, वर्गात उत्तर येतं हे माहीत असलेल्या मुलाकडे बघून करत तशा.

भिंगरीनं दप्तराची चेन उघडली. शाल बाहेर ओढली आणि आईच्या आणि आपल्या डोक्यावरून टाकली, दोघी तंबूत बसल्यासारख्या झाकल्या जाईपर्यंत. बाहेरून एक बोटही दिसणार नाही, अशी सगळीकडून ओढून घेतली. आणि आतल्या हिरव्या अंधारात, एक शब्दही न बोलता, तिनं आईचा हात हातात घेतला आणि तिला नवी खूण शिकवायला सुरुवात केली.