सीलबंद बाटली आणि बरी झालेली जखम

जेवणाच्या सुट्टीत धुलाई कारखान्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर चादर अंथरून महाराज बसले होते. चादरही गिऱ्हाइकाचीच.

"वाफ!" महाराज गरजले. "दिवसभर वाफेवर उभे राहता. ती अंगात मुरते आणि नको त्या जागी जखम होऊन फुटते. माझं तेल लावा. चाळीस दिवसांत जखम गायब!"

आणि जखमा खरोखर गायब होत होत्या! सात जण शपथेवर सांगत होते. त्यातल्या इस्त्रीवाल्याला महाराजांनी दंडाला धरून पुढे ओढलं. "सांग रे बाळा, तुझी गेली ना?"

"गेली," तो मान खाली घालून म्हणाला.

"तेलानं गेली?" मागून आवाज आला. त्याची बायको. पाचवा महिना, हातात बाटली, सोबत दवाखान्यातली नर्स. "घरी साबणाच्या पिंपामागे सापडली, महाराज. सील तुमचंच ना?"

महाराजांनी बाटली उलटसुलट केली. सील जसंच्या तसं.

"अरे गाढवा, लावलंच नाहीस?" मुकादम ओरडला.

"उग्र वास येतो हो. हिनं विचारलं असतं, कसलं तेल म्हणून."

शेड हसून लोळली. महाराज मात्र कसलेले. "बाटली घरात असली तरी तिचा प्रभाव पडतोच!"

"मीही त्याच घरात राहते," बायको म्हणाली. "माझ्या रक्तात सिफिलिस निघालाय. मी कुठल्या वाफेवर उभी होते हो? मी घरी बसून कपड्यांना बटणं लावते."

हसू जागच्या जागी विरलं.

"सिफिलिसची जखम दुखत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरते," नर्स म्हणाली. "महाराजांचे चाळीस दिवस तिथून आलेत. जखम जाते, जंतू अंगातच राहतो. शरीरसंबंधातून जोडीदाराला लागतो, आईकडून पोटातल्या बाळाला. काही वर्षांनी मेंदू, हृदयही पोखरतो."

"बाळाला?" इस्त्रीवाला नर्सकडे वळला.

"तिला सकाळीच पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलंय. वेळेत दिलंय, बाळ बहुतेक सुखरूप येईल. पण तू उपचार घेतले नाहीस, तर तिला पुन्हा लागण होईल."

तो बाही वर सारायला लागला. "इथेच टोचा."

"आधी दवाखान्यात चल. रक्त तपासू."

तो निघाला. त्याच्यामागून सातांपैकी पाच उठले. महाराज चादरीत बाटल्या बांधू लागले, तर मुकादमानं टोक धरलं. "चादर ठेवा. गिऱ्हाईक मागतंय."

सातवा उठला नाही. लोक काय म्हणतील म्हणून बसून राहिला, आणि घरी त्याची बायको आहे. असल्या लाजेवरच महाराजांचं पोट भरतं. तेव्हा वाचणाऱ्या माणसा, जखम भरली म्हणून खूश होऊ नकोस. दोघंही जा आणि रक्त तपासून घ्या.