श्रीपादचा पाट

"जा, जा, चालता हो! पण रंगपंचमीच्या आधी पाय बाहेर टाकलास तर तंगडी मोडून हातात देईन!"

उमाआत्या लाटणं घेऊन उठलीच होती. मी म्हटलं, "आत्या, जा म्हणतेस की थांब म्हणतेस, एक काय ते ठरव."

"वेद सोडून भट्टी फुंकायला निघालाय मेला!"

"भट्टी फुंकली की मोटार हलते तरी. इथं काय हलतंय?"

सांगलीला माझ्या मामाची उतारूंची सर्व्हिस मोटार होती. लढाईमुळं पेट्रोल मिळेना, म्हणून मागं कोळशाची भट्टी बसवलेली. ती पेटवायला माणूस हवा होता. मला तेच हवं होतं. साताऱ्याच्या शाळेत मी मास्तरांवर दौत फेकली, तेव्हा काकांनी मला इथं माहुलीला, गंगाधर गुरुजींच्या पाठशाळेत आणून टाकलं. उमाआत्या गुरुजींची विधवा बहीण. सगळ्यांचा स्वयंपाक तीच करायची. आता सगळे म्हणजे आम्ही तिघंच.

एके काळी ओसरी भरलेली असायची म्हणे. पण ऋग्वेदाची पुरी संहिता कुणीच पाठ केली नाही. कुणी लग्न करून गेला, कुणी मिरजेला कंपाउंडर झाला, एकजण बेचाळीसच्या गडबडीत कुंडलकडच्या रानात गेला तो गेलाच. शेवटचा श्रीपाद. तो लष्करात कारकून म्हणून ब्रह्मदेशाकडे गेला. पुढं काहीच कळलं नाही.

पाठशाळेला तांदूळ सांगलीच्या लालासाहेबांकडून यायचा. दिवाळीत ते येऊन स्पष्ट सांगून गेले, "गंगाधरपंत, इतकी वर्षं झाली. रंगपंचमीनंतर मी परीक्षा घ्यायला शास्त्रीबुवांना घेऊन येतो. एक मुलगा पुरा झालेला दाखवा. नाहीतर आपण हे बंद करू."

मी पाचव्या अष्टकात होतो. एकूण आठ. तेव्हा माझ्याकडून काही होणार नव्हतं, हे गुरुजींनाही माहीत होतं. तरी ते शांत होते. का शांत होते, ते मला हळूहळू कळलं.

संथा द्यायची रीत अशी, की गुरुजी एकदा म्हणतात, आपण दोनदा म्हणायचं. माझी संथा झाली की गुरुजी उठायचे नाहीत. माझ्या शेजारी श्रीपादचा रिकामा पाट होता, त्याच्याकडं वळून आठवं अष्टक काढायचे. एकदा म्हणायचे. मग थांबायचे. दोनदा म्हणायला जेवढा वेळ लागेल तेवढंच, मान किंचित हलवत. मग पुढची ओळ. मध्येच हात वर करून म्हणायचे, "अंहं. स्वर खाली. हां, आता बरोबर."

पहिल्यांदा मला हसू आलं. मग राग आला. एकदा मी ओरडलोच, "गुरुजी, तिथं कुणी नाहीये!"

त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "हळू बोल. त्याची संथा चाललीय."

माझ्या पाटावर रोज धूळ बसायची. नदीकडचा वारा, दारं उघडी. मी रोज पुसायचो. श्रीपादचा पाट मात्र लखलखीत. मी आत्याला विचारलं, "तू पुसतेस का?"

"मी नाही बाई हात लावत त्याला," ती म्हणाली आणि पदर सावरत आत गेली.

होडीवाला हरिबा एकदा मला म्हणाला, "तुमच्या साळंत पोरं वाडली वाटतं. सकाळच्या पारी आवाज लय येतो पल्याड."

"मी एकटाच आहे."

"व्हय? मग तुजा गळा लय मोटा हाय गड्या."

घाटाच्या पायऱ्यांवर आवाज घुमत असेल, असं मी धरून चाललो.

रंगपंचमी झाली आणि काल लालासाहेब आले. बरोबर शास्त्रीबुवा, म्हातारे, काठी टेकत. गुरुजींनी धुवट धोतर नेसलेलं. आत्या दाराआड उभी.

"पंत, कुणी पुरं केलं का?"

"केलं."

"कुणी?"

"श्रीपादनं." गुरुजींनी पाटाकडं हात केला.

बाहेर ड्रायव्हर खोकला. लालासाहेबांनी मान खाली घातली. शास्त्रीबुवा मात्र सरसावून बसले. कुणी समोर बसलेलं असावं तसं त्या पाटाकडं बघत त्यांनी आठव्या अष्टकातल्या एका ओळीचा आरंभ म्हटला. परीक्षा अशीच असते. ते सुरू करतात, पुढचं पोरानं म्हणायचं.

कुणीच काही म्हणेना. गुरुजींचे ओठ घट्ट मिटलेले. पण त्यांची मान हलायला लागली होती, रोजच्यासारखी. ते ऐकत होते.

मला ते बघवेना. आणि माझं तोंड उघडलं.

मला आठवं अष्टक कुणी शिकवलं नव्हतं. रोज शेजारी बसून कानावर पडत होतं, ते बसलं असेल. रात्री मी स्वतःला असंच समजावलं. पण मी घाईचा माणूस, ओळीचे शेवट गिळतो. गुरुजींचं रोजचं बोलणं, "विसू, शेवट गिळू नकोस." काल एकही शेवट गिळला गेला नाही. आवाजही माझ्यापेक्षा जाड होता.

शास्त्रीबुवांनी आणखी एक जागा काढली. मग आणखी एक. कुठंच अडलं नाही. शेवटी ते म्हणाले, "पुरं आहे." शाल घेऊन माझ्याकडं आले.

"माझं नाही हे," मी म्हटलं.

त्यांनी वाकून शाल श्रीपादच्या पाटावर ठेवली. लालासाहेब गुरुजींना म्हणाले, "तांदूळ येत राहील." आत्या दाराआड रडत होती.

आज सकाळी वळकटी बांधली. गुरुजी म्हणाले, "जा. तुझा पाट असू दे तिथंच."

आत्यानं दशम्या दिल्या. शिवी एकही दिली नाही, म्हणून मलाच रडू यायला लागलं.

आता मी घाटावर वळकटीवर बसलोय. ऊन चांगलं वर आलंय. हरिबाची होडी पल्याडहून येतेय. वर ओसरीतून गुरुजींचा आवाज ऐकू येतो. पाचवं अष्टक. माझी संथा जिथं थांबली तिथूनच पुढं. एकदा म्हणतात. थांबतात. पुढची ओळ म्हणतात. थांबतात.

"विसू, शेवट गिळू नकोस."

होडी पायरीला लागली. हरिबा माझ्या तोंडाकडं टक लावून बघतोय.

"काय रं पुटपुटतुयास मगाधरनं?"

मी काहीच म्हटलेलं नाही. ओठांवर हात ठेवून बघितला, तर ते हलत होते.

"चल की रं, बस लवकर. ऊन हुतंय."

मला आता निघायला हवं.