अकराच्या आत तीन हिरवे

अकराला वीस मिनिटं कमी होती आणि मुरुमच्या कॉलेजात दीक्षाचा जीव टांगणीला लागला होता. अकराच्या ठोक्याला पुण्याहून परीक्षा मंडळाचे साहेब फोन करणार, कॉलेजच्या फायरवॉलची स्क्रीन तिकडं बसून बघणार. तीन हिरवे ठिपके दिसले तर मुरुमला ऑनलाइन परीक्षेचं केंद्र मंजूर. न्हाय दिसले तर पोरींनो, धरा पुन्हा सोलापूरची एसटी! ती एसटी काय चीज आहे ते दीक्षाला पक्कं ठाऊक होतं. गेल्या साली भरतीच्या परीक्षेला निघाली, गाडी वाटेत पंक्चर झाली, चार मिनिटं उशीर झाला आणि फाटक बंद ते बंदच. रडली, भांडली, काय उपयोग? तिथून आल्यापासून तिनं प्राचार्यांच्या मागं टुमणं लावून केंद्रासाठी अर्ज करायला लावला. यंदाही तिला परीक्षा द्यायचीच होती.

दीक्षा कॉलेजची लॅब असिस्टंट. आणि फायरवॉल म्हणाल तर भिंतीवरचा एक चपटा डबा. बाहेरचं इंटरनेट आधी त्याच्यापाशी थांबतं; धड असेल ते आत येतं, वंगाळ बाहेरच राहतं. त्याला तीन वायरी: एक इंटरनेटची, एक परीक्षेच्या लॅबची, एक ऑफिसची. दसऱ्याला दीक्षा नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती, ती आज सकाळी परतली. येऊन स्क्रीन उघडते तर काय, दोन हिरवे आणि एक लाल. लाल कुणाचा? नेमका इंटरनेटचा!

"जळलं!" प्राचार्य गौरीशंकर सर कपाळाला हात लावून म्हणाले. "लाल म्हणजे जळलंच ते. आता कुठला नवा डबा आणतेस वीस मिनिटांत?"

"सर, डब्याकडं बघा की. तिन्ही वायरींपाशी दिवे लुकलुक करायलेत. जळलेला डबा असं करंल का?"

"मग स्क्रीन खोटं बोलायली."

सरांनी लाइनवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, आमची लाइन ठणठणीत आहे, तुमचं तुम्ही बघा. बारा मिनिटं उरली. सर हळूच म्हणाले, "दीक्षा, अर्ज मागं घेऊ. नापास होण्यापेक्षा बरं. इज्जत तरी राहील."

झालं! दीक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर वयानं, मानानं मोठे, म्हणून तिनं राग गिळला. पण अर्ज मागं? अंहं. ती स्क्रीनवरच्या एकेका ठिपक्यावरून बोट फिरवू लागली. दोन हिरवे, एक लाल, बाकी सगळे राखाडी.

"सर, लाल म्हणजे जळलेलं न्हाय! पंगतीत पान मांडलंय, पण पाहुणाच आला न्हाय, ते लाल. जिथं पानच मांडलं न्हाय ते राखाडी. पण आपल्या वायरी तर तीन आणि दिवेही तीन. मग हा तिसरा पाहुणा बसलाय कुठं?"

ती खुर्चीवर चढली आणि डब्याला नाक लावलं. पोर्टांच्या, म्हणजे वायरी खोचायच्या भोकांच्या, आकड्यांवर हळदीकुंकवाचे पट्टे! तिनं ओढणीनं खसाखसा पुसलं. इंटरनेटचं ठरलेलं एक नंबरचं पोर्ट रिकामं, आणि इंटरनेटची वायर चार नंबरात मजेत बसलेली. डब्याचं काय, वायर बसली की तो दिवा लावून मोकळा. ती आपल्या जागी बसली का, ते स्क्रीनच सांगणार.

"सर, वायरी कुणी काढल्या होत्या?"

सरांचा चेहरा पडला. "खंडेनवमीला... म्या. साऱ्या हत्यारांची पूजा झाली. म्हटलं, हा कॉलेजची राखण करतो, ह्याला कसा वगळायचा? धूळ लई होती. वायरी काढल्या, पुसला, कुंकू लावलं आणि परत खोचल्या."

दीक्षाला हसावं की ओरडावं कळेना. तिनं वायर उपसली, एक नंबरात खट्कन बसवली आणि उडी मारून स्क्रीनपाशी आली. लाल. अजून लाल. सर तिच्या खांद्यावरून वाकून बघताहेत. आणि हिरवा! "आला, आला!" सर एवढ्यानं ओरडले की व्हरांड्यातली पोरं आत डोकावली.

अकराला फोन आला. साहेब म्हणाले, "तिन्ही हिरवे आहेत. मुरुम मंजूर. परीक्षेच्या दिवशी कन्सोल, म्हणजे ही स्क्रीन, सांभाळायला जाणता माणूस लागेल. दीक्षा कांबळे ना? नाव लिहितो. मात्र ड्यूटीवरच्या माणसाला परीक्षेला बसता येत नाही."

केंद्र आणलं दीक्षानं, आणि तिलाच बाहेर बसायचं? पण दुसरं कुणाला येतंय हे? साठ पोरींची परीक्षा होती. "चालेल साहेब, लिहा," ती म्हणाली.

"लिहू नका!" सरांनी फोन तिच्या हातातून घेतला. "ती त्या दिवशी रजेवर आहे. परीक्षेला बसणार आहे ती. माझं नाव लिहा."

"सर, तुम्हाला जमतं हे?" दीक्षानं विचारलं.

"परीक्षेला अजून महिना आहे," सर म्हणाले आणि फोन ठेवला. मग खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, खुर्ची स्क्रीनपुढं ओढली. "चला बाई, शिकवा. अगदी पहिल्यापासून."