पाच बोटांची दुमड

मी मेणाचा ठोकळा बोलतोय. आकाराने आगपेटीहून लहान, बसायला पिवळ्या प्लास्टिकची चौकट आणि चौकटीवर पेन्सिलीने लिहिलेला लांबलचक नंबर. नंबराचा शेवटचा अंक नऊ, म्हणून मी स्वतःला नववा म्हणतो. मला उजेडात धरलंत तर मेणाच्या आत नखाएवढा तपकिरी तुकडा दिसेल. तो खरा मी. मेण म्हणजे नुसता अंगावरचा स्वेटर.

माझा जन्म तानाजी टेलर यांच्या पोटातला. मी त्यांचं यकृत होतो, म्हणजे तुम्ही ज्याला लिव्हर म्हणता ते. डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडवरच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या वर घर. छप्पन्न वर्षं मी त्यांची चाकरी केली आणि एकदाही कुरकुर केली नाही. तीच माझी चूक. कधीकाळी ‘ब’ जातीची कावीळ माझ्यात येऊन मुक्काम ठोकून बसली होती. मी मुकाट सोसत राहिलो आणि शेवटी माझ्या उजव्या कुशीत कॅन्सरच्या दोन गाठी उठल्या.

गल्लीतले लोक म्हणाले, “लिव्हर गेलं म्हणजे घेत असणार गुपचूप.” अहो, या माणसाने आयुष्यात लिंबू सोड्यापलीकडे बाटली उघडली नव्हती! मला एवढा राग आला होता म्हणून सांगू. पण लिव्हरचं कोण ऐकतं?

मग त्यांच्या पत्नी मालनबाईंनी आपल्या लिव्हरचा मोठा तुकडा दिला. एका दिवसात मी बाहेर आलो आणि त्या तुकड्याने माझी जागा घेतली. खोटं कशाला बोलू, मला थोडी असूया वाटली. तानाजी मात्र शुद्धीवर आल्यावर नर्सला म्हणाले, “बत्तीस वर्षं बाहेरून हुकूम चालायचा, आता आतूनपण चालणार.”

मला वाटलं होतं, आपलं काम संपलं. पण काढलेलं लिव्हर कोणी फेकून देत नाही. प्रयोगशाळेत माझे काप झाले, त्यातले चौदा निवडून मेणात बसवले. कारण नवं लिव्हर बसलं तरी कॅन्सर पुन्हा उठेल की नाही, याचा अंदाज जुन्याकडे बघून करतात. गाठी किती, केवढ्या, रक्तातला एक आकडा किती, आणि गाठ रक्ताच्या शिरेत घुसली होती का. या सगळ्याचे गुण मांडतात. शाळेच्या उलट हिशेब, जितके कमी तितकं चांगलं.

तेरा भावंडांची साक्ष स्वच्छ निघाली. घोळ माझ्यापाशी झाला. माझ्या एका कडेला बारीक पोकळी होती आणि तिच्यात गाठीच्या पेशी दिसत होत्या. ती पोकळी म्हणजे शीर असेल तर कॅन्सर रक्तात उतरला असणार. रिपोर्टात लिहिलं, ‘शिरेतला शिरकाव: संशयास्पद.’ त्या एका शब्दाने घरातल्या चहाची चव गेली.

आता तानाजींची एक पद्धत सांगतो. त्यांची नात कृतिका, म्हणजे मुलगी संचिताची मुलगी, हिच्या दर वाढदिवसाला ते स्वतः फ्रॉक शिवत. लहान मुलाचा कपडा ते कधीच नेमक्या मापाचा शिवत नाहीत. खालच्या घेराला जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतात. पोर वाढलं की दुमड उसवायची आणि उंची वाढवायची. पोर किती वाढेल हे ते नुसतं बघून सांगत आणि गल्लीतल्या आया त्यावर विश्वास ठेवत.

रिपोर्ट आल्यावर कृतिकाच्या चौथ्या वाढदिवसाचा निळा फ्रॉक त्यांनी वरच्या खोलीत, नव्या लिव्हरला संसर्ग नको म्हणून मास्क लावून शिवला, नेमक्या मापाचा. मालनबाईंनी घेर उलटून पाहिला तर आत दुमडच नव्हती.

“अहो, हे काय? वाढवायला कापड नाही ठेवलंत?”

“उसवणार कोण पुढच्या वर्षी?” तानाजी म्हणाले आणि कात्री जागेवर ठेवायला उठले.

मालनबाईंनी फ्रॉकची घडी घातली. मग त्यांनी संचिताला फोन लावला, “दुसऱ्या कुणालातरी दाखवू या गं. मला या संशयावर जगता येणार नाही.”

ठाण्यात डॉक्टर प्रियांका म्हणून आहेत, दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणाऱ्या. त्या म्हणाल्या, तो नऊ नंबरचा ठोकळाच आणा. म्हणून एका शनिवारी संचिता आणि जावई विनीत मला नवी मुंबईच्या हॉस्पिटलातून घ्यायला आले. संचिताने सही केली आणि मी तिच्या तळहातावर आलो. केवढी जपत होती पोरगी मला! शीळफाट्याला गाडी अडकली, वर ऊन रणरणत होतं.

“विनीत, एसी वाढव ना, वितळेल हे!”

“अगं फुल आहे एसी. मीच गोठलोय.”

साठ अंशांच्या आसपास गेल्याशिवाय मी वितळत नाही, पण हे तिला सांगणार कोण? तासभर तिने मला एसीच्या झोताखाली धरून ठेवलं. मला मात्र मजा वाटली. इतके लाड माझे कधी झाले नव्हते.

ठाण्याला सोमवारी जायचं होतं, तोवर संचिता लेकीसह माहेरीच थांबली. घरात कृतिकाचा हात पोचणार नाही अशी एकच जागा, फळीवरचा बटणांचा डबा. मालनबाईंनी मला त्यात ठेवलं. पण रविवारी खालच्या दुकानातले आनंदाकाका वर आले. बासष्ट वर्षांचे, तीस वर्षांपासूनचे कारागीर. निळ्या फ्रॉकला बटणं लावायची राहिली होती. कुणाला न विचारता ते फ्रॉक आणि डबा दोन्ही घेऊन खाली गेले.

शिंप्याला मेणाचा तुकडा दिसला की तो काय करणार? बटणाचा दोरा मेणावरून ओढला की गुंतत नाही, मजबूतही होतो. आनंदाकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला, मला चिमटीत धरलं आणि निळा दोरा माझ्या अंगावरून सर्रकन ओढला. एकदा, दोनदा, पाच बटणांना पाच वेळा. खरं सांगतो, गुदगुल्या झाल्या.

तेवढ्यात संचिता जिना उतरून आली आणि किंचाळली, “आनंदाकाका! ते पप्पांचं लिव्हर आहे!”

आनंदाकाकांच्या हातून मी टुणकन कापडाच्या ढिगात पडलो. त्यांनी आधी मला हात जोडले, मग वरच्या मजल्याकडे बघून हात जोडले. “आईशप्पथ, मला वाटलं मालकांनी नवीन मेण आणलं. लय भारी चालत होतं गं!”

आवाज ऐकून तानाजी जिन्यात आले. काय झालं ते कळल्यावर ते मटकन पायरीवर बसले. सगळे घाबरले. पण ते हसत होते! पोटावरची जुनी शिवण दोन्ही हातांनी धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते. “आनंदा, अरे आत असताना एवढं कामाला आलं नाही ते!” तीन महिन्यांत त्या घराने त्यांचं हसू ऐकलं नव्हतं. मालनबाई आनंदाकाकांवर ओरडायला आल्या होत्या, पण उलट त्यांना जेवायलाच बसवलं.

सोमवारी ठाणे. डॉक्टरांनी माझे आणखी खोल, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढले, ते रंगवले आणि आठवड्याने सगळ्यांना बोलावलं. मोठ्या पडद्यावर मी दिसलो, गुलाबी आणि जांभळा. मलाच माझा अभिमान वाटला.

“मॅडम, ही छपाई उल्हासनगरच्या मार्केटात मिळेल का हो?” तानाजींनी विचारलं.

“गप्प बसा,” मालनबाई म्हणाल्या. 

डॉक्टरांनी आधी पडद्याच्या कोपऱ्यातली एक निळी रेघ दाखवली. “मला आधी हे सांगा, इथे हा दोरा कुठून आला?” संचिताने मान खाली घालून सगळं सांगितलं. डॉक्टर इतक्या हसल्या की त्यांना चष्मा पुसावा लागला. “नशीब, नुसतं वरचं मेण खरवडलंय. आतल्या तुकड्याला काही झालेलं नाही.” मग त्यांनी ती पोकळी मोठी केली. “काका, खऱ्या शिरेला आतून पेशींचं अस्तर असतं. मी अस्तर दिसावं म्हणून खास रंग लावला. इथे अस्तरच नाही. लिव्हरचा तुकडा औषधात घातला की आकसतो आणि गाठीच्या कडेला फट पडते.”

तानाजी खुर्चीत पुढे सरकले. “म्हणजे धुतल्यावर कापड आटतं आणि शिवणीपाशी ओढ बसते, तसं?”

“अगदी तसंच.”

“मग ती शीर नाहीच?”

“नाही. तुमचे गुण खाली आलेत. पुन्हा होण्याची शक्यता कमी आहे. पण काका, हा अंदाज आहे, हमी नाही. पहिली पाच वर्षं तपासण्या चुकवायच्या नाहीत.”

“अंदाजावरच तर पोट भरलं माझं,” तानाजी म्हणाले आणि मग त्यांना रडू आलं. मालनबाईही रडल्या. मी काचेवर चिकटून होतो, नाहीतर मीसुद्धा रडलो असतो. त्या माणसाला आजारी पाडणारा मीच होतो, आणि धीर देणारी साक्षही माझ्याच अंगातून निघाली. मला फार फार बरं वाटलं.

परतताना विनीतने गाडी उल्हासनगरकडे वळवली. तानाजी मास्क लावून गाडीतच बसले आणि मायलेकींनी गुलाबी-जांभळं कापड शोधून आणलं. घरी आल्याआल्या कृतिकाच्या नव्या फ्रॉकसाठी तानाजींची कात्री चालली. घेराला त्यांनी हात लावून मापलं, एक, दोन, तीन, चार, पाच बोटं, आणि तेवढं कापड आत दुमडलं.

“पाच वर्षं एकच फ्रॉक घालणार का पोर?” मालनबाई म्हणाल्या.

“रुंदीलापण ठेवलंय मी. घालू दे नाहीतर न घालू दे. कापड असलं पाहिजे.”

ठाण्याहून मी परत आलो. आता माझा मुक्काम बटणांच्या डब्यातच, फक्त मला वेगळी डबी मिळाली आहे आणि तिच्यावर आनंदाकाकांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, ‘मेण नाही.’ तानाजी सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून गोळ्या घेतात, ठरल्या तारखेला रक्त देतात, स्कॅन करतात. आजवर सगळं स्वच्छ आलंय. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. मला कुणी शोधत येऊ नका, माझी चौकशी करू नका. माझी गरज पुन्हा कधीच कुणाला पडू नये.

परवा कृतिकाचा सहावा वाढदिवस झाला. तिला स्टुलावर उभं करून तानाजींनी ब्लेडने दुमड उसवली, बरोब्बर एक बोट, गेल्या वर्षीसारखीच. फ्रॉक गुडघ्यापर्यंत उतरला. कृतिकाने वाकून घेराच्या आत पाहिलं.

“आजोबा, अजून किती आहेत?”

“तीन,” तानाजी म्हणाले. “आणि ती संपली की नवीन कापड आणू.”