आधी अक्षर, मग रेघ

पाळण्याची कडी करकरली आणि दुपारची शांतता संपली. दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून मी बाळाला झोका दिला आणि चौकटींच्या कागदावर 'म' काढत राहिले.

पूर्णेला भगवानरावांच्या क्लासात दोन कॉम्प्युटर आहेत. सकाळी मी तिथं शिकवते, तात्पुरती. लहान मुलांना अक्षरं शिकवणारा खेळ सव्वीस जानेवारीपर्यंत करून दिला तर संध्याकाळची बॅच माझी, म्हणजे नोकरी कायमची. नाही तर बॅच क्लासातल्या दुसऱ्या मास्तरची, बन्सीधरची.

भगवानरावांनी नांदेडहून एक तयार खेळ आणला होता. बटणं, गुण, चित्रं, सगळं चालवणारा सांगाडा आत होताच.

"इंग्रजीच्या जागी आपली अक्षरं भरा, ताई. चार दिवसांचं काम हाय."

मी 'म' भरला आणि माझ्या पाच वर्षांच्या लेकीला, सगुणाला, दाखवायला क्लासात नेलं. तो खेळ अक्षर वरून खाली रंगवत यायचा. पडद्यावर आधी रेघ आली, मग तिच्याखाली 'म' लोंबला.

"चुकलं," सगुणा म्हणाली. "बाई मारतेल त्याला. आधी अक्षर, मग रेघ."

सांगाड्याला हात लावता येत नव्हता. अक्षर गिरवल्यासारखं उमटायला हवं, तर सगळा खेळ मुळापासून मलाच लिहावा लागणार होता.

घरी विचारलं. हे ड्यूटीवरून नुकतेच आले होते.

"तयार पीठ मिळायलंय तर जातं कशाला ओढतीस?"

सासूबाई भाकरी थापत होत्या. "शिळ्या पिठाची विरी जाती, किशन. भाकर चिरती." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पर तू दळत बसलीस तर जेवणारे थांबतेत व्हय?"

दोघांचंही बरोबर होतं. त्याचा काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी भगवानरावांना सांगितलं, "खेळ माझा मीच लिहिते."

"सव्वीस तारीख हलत न्हाई, ताई."

"माहीत आहे."

"बन्सीधरला सांगून ठेवतो मग," ते म्हणाले आणि मला चहा मागवला.

आज आठ जानेवारी. बाळाच्या झोपेत आणि भाजीच्या शिजण्यात बसवून आधी कागदावर, मग सकाळी क्लासातल्या पडद्यावर, अशी पाच अक्षरं झाली. पाचही आधी वळण घेतात, मग डोक्यावर रेघ ओढतात. सगुणा शेजारी पाटी घेऊन बसते. ती 'ढ'पर्यंत पोचली आहे.

आज तिनं पाटी पुसली, माझ्या कागदातली अक्षरं बोटानं मोजली आणि विचारलं, "आई, तुझा खेळ व्हायच्या आत मला समदी अक्षरं आली, तर मग तो कोणासाठी?"