निर्जळी रविवार

मे महिन्याचा पहिला रविवार होता. जपानमधल्या ओजिमाच्या सरकारी इमारतींच्या गॅलऱ्यांतून कापडाचे मासे हवेत पोहत होते. मुलांच्या सणासाठी टांगलेले ते लाल, निळे, काळे मासे वारा आला की तोंड उघडून फुगायचे आणि वारा पडला की मान टाकायचे. उत्तरा सायकल धरून त्यांच्याकडे बघत उभी होती. काल रात्रीच्या जेवणानंतर तिच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता. अशा वेळी डोकं हलकं होतं. मासेच तेवढे खरे आणि इमारती खोट्या, असं तिला वाटायला लागलं होतं.

महिन्याचा पहिला रविवार तिच्या चर्चमध्ये उपवासाचा. दोन वेळचं जेवण सोडायचं, पाणीही नाही, आणि एकच गोष्ट मनात धरून देवाला विचारायची. उत्तराने आजची गोष्ट तीन आठवडे मनात धरली होती. थांबू की घरी जाऊ?

ती पिंपरीची. ती सहा वर्षांची असताना आईवडील या मॉर्मन चर्चमध्ये गेले. तेविसाव्या वर्षी तिने दीड वर्षाचं मिशन, म्हणजे धर्मप्रचाराचं काम, घेतलं आणि नाव निघालं जपानचं. निघताना सगळ्या मंडळींनी गाणी म्हटली, वडिलांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे दिले. त्या गोष्टीला नऊ महिने झाले. रोज साडेसहाला उठायचं, शास्त्र वाचायचं, जपानी घोकायचं, छातीवर नावाची काळी पट्टी लावायची आणि सायकल काढायची. मग दारोदार बेल दाबायची. बेलच्या जाळीतून बाईचा गोड आवाज यायचा, "केक्को देस." नको, राहू द्या. इतकं गोड नाही म्हणणारी माणसं तिने कुठे पाहिली नव्हती. नऊ महिन्यांत एवढे नकार साठले होते की झोपेतही कुणीतरी जाळीआडून तेच म्हणायचं.

तिच्या वहीत एक चिठ्ठी होती. येत्या बुधवारी मिशनचे अध्यक्ष एकेकीला भेटणार होते, त्यांना द्यायची. इंग्रजीत तीनच ओळी. मला घरी जायचं आहे.

"चलायचं ना, सिस्टर?" हिगा जपानीत म्हणाली. हिगा तिची जोडीदारीण, ओकिनावा बेटावरची, चालताना गुणगुणणारी. मिशनवर जोडीनेच राहायचा नियम. झोपताना, जेवताना, रस्त्यात, दुसरी नजरेच्या टप्प्यात हवीच. त्यामुळे उत्तराला रडायला न्हाणीघराएवढीच जागा मिळायची. हिगाला ते कळायचं. त्या वेळी ती बाहेर जरा मोठ्याने गुणगुणायची.

इमारतीखालच्या बाकावर गीताकाकू बसल्या होत्या. नऊवारी नाही, पाचवारीच, पण पायात नातीचे पांढरे बूट. मुलगा सत्यजित इथे सॉफ्टवेअरमध्ये, सून वैभवी, नात तन्वी. काकू तीन महिन्यांसाठी आल्या होत्या, त्याला आता सात झाले. गेल्या महिन्यात उत्तराने त्यांना पहिल्यांदा आजी म्हटलं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आजी तन्वीची. तिलाही मराठीत म्हणता येत नाही. तू काकू म्हण."

"या, पट्टीवाल्या बाया," आज त्या म्हणाल्या. "वर चला. सत्यजित, वैभवी आणि तन्वी इचिकावाला गेलेत, वाढदिवसाला. घर खायला उठलंय. आज तरी चहा घेशील की नाही?"

इथे उत्तराचं दरवेळी अडायचं. चहा त्यांच्यात वर्ज्य. दोनदा नाही म्हटलं, आणि दोन्ही वेळा काकूंचा चेहरा उतरला होता. आज मात्र तिला सोपी वाट दिसली.

"काकू, आज माझा उपवास आहे."

आपण काय बोलून बसलो ते तिला लगेच कळलं नाही. लहानपणी सोडलेल्या वाटा माणूस विसरतो. मराठी घरात उपवास आहे म्हटलं की सुटका होत नाही, स्वयंपाक सुरू होतो.

काकूंचा चेहरा उजळला. "मग आधी नाही का सांगायचं? माझी एकादशी. साबुदाणा भिजवलेला आहे. सकाळपासून नुसत्या चहावर बसलेय, एकटीसाठी काय करायचं म्हणून. चल."

त्या पुढे निघाल्याही. हिगा पाठोपाठ निघाली, कारण तिला वाटलं बोलणं ठरलं. पाचव्या मजल्यावर ओट्याशी जिरं तडतडलं, दाण्याच्या कुटाचा वास सुटला, आणि उत्तराला पिंपरीतली शेजारीण, तिची पितळी कढई, मोत्यांसारखे होत जाणारे साबुदाण्याचे दाणे सगळं दिसलं. खिडकीबाहेर मासे पोहत होते. काकूंनी तीन ताटल्या मांडल्या, दही वाढलं, लिंबाची फोड ठेवली.

"काकू," उत्तरा म्हणाली. तिचा घसा इतका कोरडा होता की शब्द घासून निघाला. "आमच्या उपवासाला हेही चालत नाही."

"साबुदाणा नाही? मग वरी करू. बटाटा आहे."

"काहीच नाही. पाणीसुद्धा नाही. संध्याकाळी प्रार्थना करून सोडायचा."

काकूंच्या हातातला डाव कढईवरच थांबला. "निर्जळी? आणि उन्हात सायकल चालवताय? ही पण?"

हिगाने आपल्याबद्दल चाललंय हे ओळखून मान लववली.

"कशासाठी धरलायस?" काकूंनी विचारलं.

हे कुणी विचारलं नव्हतं. घरी फोन व्हायचा सोमवारी, आणि फोनवर ती हसायची. हिगाला सांगण्याइतकं जपानी नव्हतं, देवाला ती आताशा इंग्रजीत आणि जपानीत, ठरलेल्या शब्दांत विचारायची. आता मराठीत तोंड उघडलं आणि सगळं एका दमात बाहेर आलं. जाळीआडचे आवाज, वडिलांचे पेढे, न्हाणीघर, वहीतली चिठ्ठी. "रिकाम्या हाताने उठते, रिकाम्या हाताने झोपते, काकू. माझ्याकडून कुणाचं काही होत नाही. म्हणून विचारतेय, थांबू की जाऊ."

काकूंनी गॅस बंद केला. मग म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं देवापुढे दिवा लावते. तो एकदाही आत ये, बस म्हणाला नाही. तरी संध्याकाळ झाली की हात काड्यापेटीकडे जातो." मग त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. "पण माझं ऐकू नकोस. मला इथे पाटी वाचता येत नाही, कचरा कुठल्या दिवशी कुठला टाकायचा ते तन्वी चित्रं काढून देते. अंगठाछाप बाई मी इथली. घरी जावंसं वाटलं तर जावं माणसाने."

असं म्हणून त्यांनी खिचडीवर ताट झाकलं. आपली ताटलीही उचलून ओट्यावर ठेवली.

"तुम्ही खा ना," उत्तरा म्हणाली. "तुम्हाला चालतं."

"चालतं. पण तुम्ही दोघी समोर कोरड्या बसणार आणि मी दही कालवणार? कधी सुटतो तुमचा?"

"पाचला सोडू."

"मग पाचला. दीड तासच तर राहिला."

तिघी जमिनीवर बसल्या. हिगाने हळूच गुणगुणायला सुरुवात केली, बेटावरचं काहीतरी, लाटेसारखं येऊन परत जाणारं. काकूंचा पाय त्यावर हलत होता. ऊन भिंतीवरून सरकत तन्वीच्या चित्रांवर आलं, फुटक्या बाटल्या, वर्तमानपत्रं, केळ्याची सालं, प्रत्येकाखाली वार. उत्तराला वाटलं, हे घरच पाण्याखाली आहे आणि ते मासे खिडकीतून आत बघताहेत. भूक होती, पण तिचं टोक गेलं होतं. नऊ महिने ती दुसऱ्यांच्या दारात उभी राहून वाट बघत होती. आज कुणीतरी तिच्याबरोबर वाट बघत बसलं होतं, तिचा देव कोणता हे न विचारता. मागितलं त्याचं उत्तर अजून आलं नव्हतं. पण तिला घाई वाटेनाशी झाली होती.

पाच वाजले. मुलांना घरी बोलावणारी धून वॉर्डाच्या भोंग्यांतून कालव्यावरून तरंगत आली. हिगाने डोळे मिटून उत्तराला खूण केली, आज तू.

उत्तराने हात बांधले. "स्वर्गातल्या बापा," ती मराठीत म्हणाली आणि थांबली. तयार शब्द एकही नव्हता. "काकूंनी माझ्यासाठी भूक सोसली. त्यांना सांभाळ. हिगाला सांभाळ. मला काय करायचं ते कळत नाही, पण मी इथे आहे."

"आमेन," हिगा म्हणाली. काकूंनी हात जोडून कपाळाला लावले.

पाणी आधी आलं. पहिला घोट घशातून उतरताना उत्तराला तो पार पोटापर्यंत जाणवला. मग खिचडी गरम झाली. हिगा चॉपस्टिकने साबुदाण्याचा एकेक दाणा उचलायला लागली, तेव्हा काकू पदर तोंडाला लावून हसल्या. "अशी खाशील तर पुढची एकादशी येईल गं बाई." उत्तराने जपानीत सांगितलं, तशी हिगाही हसली आणि तिने चमचा घेतला.

निघताना दारात काकूंनी दोघींचे बूट सरळ करून ठेवले. "पुढचा तुमचा निर्जळी कधी? सांगून ठेव. साबुदाणा आदल्या रात्री भिजत घालावा लागतो."

"जूनच्या पहिल्या रविवारी," उत्तरा म्हणाली. "पाच वाजता येऊ, काकू."

बोलून ती जिन्यात आली. दोन मजले उतरल्यावर तिचे पाय थांबले. आपण काय बोललो ते तिला आत्ता ऐकू आलं. हिगा एक पायरी खाली उभी राहून वर बघत होती.

"काय झालं?"

"काही नाही," उत्तरा म्हणाली. वही पिशवीत होती, चिठ्ठी वहीत. बुधवारी अध्यक्षांना काय सांगायचं ते तिला आता ठाऊक होतं, आणि त्याला कागद लागणार नव्हता.

खाली वारा पुन्हा सुटला होता. ती सायकलचं कुलूप काढेपर्यंत वरचे सगळे मासे तोंड उघडून फुगले.