सावल्या गिळणारा मी

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि मला माझ्याच पोटातल्या एका सोयीची किळस येते. हो, किळसच!

कारखान्यात मला भिंग बसवलं, स्क्रू आवळले, तेव्हा मी काय ऐटीत होतो! खोक्यावर ठळक छापलं होतं, ‘आपोआप सुधारणा’. म्हणजे काय, तर फोटो काढला रे काढला की माझ्या आतली चिप काळोख्या जागा उजळ करते आणि लख्ख जागा दाबून टाकते. काळं काळं उरत नाही, पांढरं पांढरं उरत नाही. सगळं मधलंच, राखाडी, चघळून टाकलेल्या चोथ्यासारखं.

मला ओळखपत्राचे फोटो काढणाऱ्या एका दुकानदाराने घेतलं. दुकान कसलं, एक स्टूल, एक पांढरा पडदा आणि दोऱ्याला टांगलेला कंगवा. गिऱ्हाइकांना डोळ्यांखालच्या सावल्या नको असायच्या. म्हणून त्याने ती सुधारणा पार वरच्या टोकाला नेली आणि तिथेच ठेवून दिली. माझं कोण कौतुक! “अगंबाई, किती तरुण दिसतेय मी!” म्हणत बायका खूश होऊन जायच्या. आणि मी? हसून हसून सुरकुतलेल्या, उन्हात राबलेल्या चेहऱ्यांचे सोललेले उकडलेले बटाटे करत होतो. शी!

दुकानदाराची धाकटी बहीण लाकडावर कोरीव काम करायची. त्यात रंग नाही, शाई नाही. कोरलेल्या खाचेत पडणारी सावली, तेच तिचं चित्र. एका वाचनालयाला नवं दार कोरून हवं होतं आणि त्यांनी नमुन्याचे फोटो मागवले होते. तिने फळीवर पक्ष्यांचा थवा कोरला. मुदत संपायच्या दिवशी तिची भाची मला दुकानातून उचलून तिच्याकडे घेऊन गेली.

“आत्या, खिडकीचा पडदा सरकव. ऊन बाजूने येऊ दे.”

तिरपं ऊन फळीवर पडलं आणि पीस न् पीस उठून दिसलं. मी ते पाहिलं, मित्रांनो. माझ्या भिंगाने सगळं नीट पाहिलं! पण क्लिक झालं आणि पोटातल्या त्या हावरटाने एकेक सावली चाटूनपुसून खाल्ली.

आत्याने माझ्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर फोटो बघितला. बघतच राहिली.

“सपाट आहे गं. यापेक्षा नुसतं फळकूट बरं होतं.”

“अगं, फोटो आहे तो!”

“मग? कॅमेरा कशाला खोटं बोलेल? आपले हातच आपले लाड करतात, आहे त्याहून चांगलं भासवतात. नको पाठवूस.” तिने कोरायच्या पटाशा पुसल्या, फडक्यात गुंडाळून गाठ मारली. “आणि ही फळी देऊन टाक कोपऱ्यावरच्या सुताराला.”

स्वतःच्या बोटांवर विश्वास नाही आणि माझ्यावर आहे! मला ओकारी यायची बाकी होती. पण कॅमेऱ्याला ओकता येत नाही.

भाची मात्र हट्टी. तिने मला फळीशेजारी धरलं. एकदा फोटो, एकदा फळी, पुन्हा फोटो.

“आत्या, हे तुझे पक्षी नाहीतच! बाबांच्या सेटिंगवर थव्याची ओळखपत्रं निघालीत!”

तिने माझे सगळे पर्याय उपसले, ती सुधारणा शोधली आणि बंद केली. क्लिक! आता खाचा काळ्याभोर, पंखांच्या कडा लखलखीत. तेवढ्यात दुकानदार मला न्यायला आला.

“अगं, केवढं काळं आलंय! असला फोटो दिला तर गिऱ्हाईक माझ्या तोंडावर फेकेल.”

“दादा,” आत्या म्हणाली, “त्या काळ्यावरच माझे पक्षी उडतात रे.” आणि तिने पटाशांच्या फडक्याची गाठ सोडली.

फोटो वाचनालयाला गेला. दाराचं काम तिलाच मिळालं.

मी मात्र पुन्हा दुकानात आलो. दुकानदाराने स्टूल पुसलं आणि ती सुधारणा परत वरच्या टोकाला नेली. आजही सकाळपासून चेहरे धुतोय, मळमळत.

मित्रांनो, तुम्ही आमची धूळ पुसता, आम्हाला पिशवीत जपता, उपकार आहेत. पण आमच्या पोटात काय शिजतंय तेही कधी उघडून बघा, आणि नको तिथे आमची हुशारी बंद करा. त्या वाचनालयात गेलात तर दारासमोर लगेच मला किंवा माझ्या भावंडांना बाहेर काढू नका. आधी त्या पंखांवरून बोट फिरवा.